रेघ सरकली

शरदकाका नट कसला की त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढायचे. नटावरून खालच्या लोखंडापर्यंत, एकदम सरळ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट हलला. नेलपॉलिश शांताकाकूंची, लाल.

"अहो, माझ्या नखांना कधी एवढ्या प्रेमाने लावली का?"

"तुझी नखं कुठे चालत्या गाडीतून निखळणार आहेत!"

स्नेहलतागंजात त्यांचं गॅरेज, समोर आमचं घर. काकांचे वडील रेल्वेत फिटर, आणि हे चाळीस वर्षं मोटरसायकलींचे डॉक्टर. मी शाळेपासून तिथेच पडीक. गाडी त्यांनीच शिकवली, आईला न सांगता.

काकांची एकच हौस राहिली होती यार. स्वतः जोडलेली जुनी गाडी ट्रॅकवर पळवायची आणि बोर्डावर आपलं टायमिंग बघायचं. दरवर्षी कुणाची तरी गाडी अर्जंट निघायची आणि राहून जायचं. गेल्या नोव्हेंबरात पीथमपूरच्या बाजूला हौशी लोकांची टाइम ट्रायल होती, शनिवार-रविवार. एकेकट्याने पळायचं, घड्याळाशी. साठीनंतर एन्ट्री नाही, आणि काका जानेवारीत साठ. मतलब हाच शेवटचा चान्स. एका गाडीवर दोघांची नावं चालत होती. शनिवारी मी, रविवारी काका.

माझं टायमिंग आलं एक मिनिट सव्वीस. बाजूच्या ग्रुपमधला एक जण हसला, "दीदी, पोहे खाते-खाते चला रही थीं क्या? चेन कस लो, दो सेकंड तो ऐसे ही मिल जाएँगे."

माझं डोकं सटकलं. काका चहाला गेले होते. चेन कसायची तर आधी मागच्या चाकाचा नट सैल करावा लागतो, एवढंच माहीत होतं; मी पाना उचलला आणि पूर्ण अंगाचा जोर लावून तो उघडला. उघडल्यावर कळलं, पुढे काय करायचं ते मला येतच नाही. घाबरून परत कसला. रेघेकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी काका नवे बूट घालून आले. पळायला त्यांचा चौथा नंबर होता. सवयीने वाकून एकेका नटावरून बोट फिरवत गेले आणि मागच्या चाकाशी थांबले. रेघेचे दोन तुकडे झाले होते. गव्हाच्या दाण्याएवढी सरकली होती, बस.

"स्वानंदी, हा नट कुणी उघडला?"

रागावले असते तर मी बोलले असते, कसम से. पण ते शांतपणे विचारत होते, आणि तो कालचा ग्रुप बाजूलाच उभा होता.

"कुणीच नाही काका. हातसुद्धा नाही लावला कुणी."

त्यांनी स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून बघितला.

"मग आपोआप सरकला. चाळीस वर्षांत माझा एक नट नाही सरकला. काल तू बसली होतीस याच्यावर, बेटा. चाक निघालं असतं तर?"

"पण आता कसून घ्या ना! वीस मिनिटं आहेत अजून."

"कसणारा हात तोच ना."

गेले आणि यादीतून आपलं नाव काढून आले. नंबरची बनियान घडी करून परत दिली. येताना टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसले होते, पूर्ण रस्ता, आणि तोंड नाही उघडलं. आज सांगू, उद्या सांगू करता-करता त्यांची साठी झाली.

काल सांगितलं. सगळं, रडत-रडत. नट मी उघडला होता, तुमचा हात एकदम ठीक आहे.

काका हसले. माझ्या डोक्यावर टपली मारली.

"म्हाताऱ्याचं मन राखतेस काय? त्या दिवशी तर माझ्या डोळ्यांत बघून बोललीस."

"तेव्हा खोटं बोलले ना काका!"

"चल. तू माझ्याशी कधी खोटं बोललीस?"

तेवढ्यात एक जण स्कूटर ढकलत आला. ब्रेक लागत नव्हते.

"ब्रेकचं काम मी नाही करत आता भिया," काका म्हणाले. "पुढच्या गॅरेजला न्या. ऑइल बदलायचं असेल तर सांगा."