लाइफ जॅकेटची तीन कोटेशनं

सांगतो, सांगतो! चहा तुम्ही पाजलाय, तर तोंड उघडावंच लागणार. पण एक अट आहे. ऐकून झाल्यावर माझ्या घराच्या दाराकडे बघून हसायचं नाही. अजून मी त्या धक्क्यातून पुरता सावरलेलो नाही.

तर मी आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव. सचिव कसा झालो? बावीस सभासदांत बारावी पास मी एकटाच होतो, म्हणून! पोहता येतं का, असं त्या वेळी कुणी विचारलंच नाही. येत नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या तलावात मी कधी गुडघ्याच्या वर उतरलेलो नाही.

यंदा सोसायटीला नवा डोंगा मंजूर झाला. डोंगा म्हणजे होडी हो. डोंगा आला, पण नुसताच. वल्ही, दोर, लाइफ जॅकेट हे सगळं आपण बघायचं, आणि कागदाला तीन दुकानांची तीन कोटेशनं जोडायची. आता मला सांगा, यवतमाळ जिल्ह्यात होडीचं सामान कुठल्या दुकानात मिळतं? इथे फवारणीचा पंप मागा, पाइप मागा, कापूस झाकायला ताडपत्री मागा, हवं ते मिळेल. वल्हं मागितलं तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाचा वास घेतो!

सोसायटीचे अध्यक्ष गणपतकाका. सत्तरी ओलांडली, पण अजून तलावातला मासा त्यांना विचारून शेपटी हलवतो. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सुधाकर, यवतमाळ, नेर, घाटंजी, तिन्ही बाजार पाय. पण कायले पाहिजे, कोणाले पाहिजे, हे सांगू नोको. सोसायटीचं नाव आयकलं का भाव वाढवतीन."

मला हे फार म्हणजे फारच पटलं. माणसाच्या खिशात गुपित पडलं की त्याची चालच बदलते. मी क्रीम रंगाचा शर्ट इस्त्री केला, काळी बॅग घेतली. चष्म्याची एक काडी मोडली होती, ती जाळं विणायच्या निळ्या नायलॉन दोऱ्याने बांधली. आरशात पाहिलं, तर खुद्द मलाच मी साहेब वाटलो!

आणि हे सगळं नेमकं कुठल्या आठवड्यात? आमच्या नव्या घराच्या वास्तूच्या आठवड्यात. वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, चौदा वर्षं टिनाच्या खोलीत काढली. कधी साडीसाठी हट्ट नाही की सोन्यासाठी नाही. तिचं मागणं एकच, नव्या घराला दार सागवानी पाहिजे. दार बसलं त्या दिवशी ती ते उगाच उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. मला खूप बरं वाटलं हो तिच्याकडे बघून.

पहिलं दुकान यवतमाळचं.

"लाइफ जॅकेट पाहिजेत," मी म्हणालो.

दुकानदार दचकला. "किती?"

"बावीस."

"बावीस! कोणत्या गावाले पाहिजे?"

"ते सध्या सांगता येत नाही."

"कधीपर्यंत पाहिजे?"

"पावसाळ्याच्या आत."

"अन् गावात मानसं बावीसच हायेत का?"

"माणसं पुष्कळ आहेत," मी चष्मा वर सरकवत म्हणालो. "सध्या बावीस वाचले पाहिजेत. बाकीच्यांचं नंतर बघू."

आता सभासद बावीस, तर जॅकेट बावीस. यात माझं काय चुकलं? पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला पेन तसाच राहिला. मला वाटलं, मोठी ऑर्डर बघून गडबडला बिचारा!

दुसऱ्या दिवशी नेरला दुसरा दुकानदार. तो जरा जास्तच खोलात शिरायला लागला. "गाव तं सांगा साहेब, कोणतं गाव?"

"तलावाकाठचं आहे. जास्त विचारू नका, वरून सांगितलंय."

वरून म्हणजे गणपतकाकांनी. त्यांचं घर आमच्या घराच्या वरच्या आळीला आहे.

तिसऱ्या दिवशी तिसरं दुकान, घाटंजीचं. तिथे आठवडी बाजार भरलेला, दुकानात ही गर्दी. त्या दुकानदाराने कोटेशनवर नाव काय टाकू म्हणून विचारलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नावाची जागा कोरी ठेवा. आणि पाचशे फूट दोर लिहा. पाणी किती खोल जाईल, काही सांगता येत नाही." एका बाईच्या पिशवीतून दोन वांगी घरंगळली, ती तिने उचललीसुद्धा नाहीत.

मी तिन्ही कोटेशनं बॅगेत घालून विजयी मुद्रेने यष्टीत बसलो.

शेजारी एक फेटेवाले बुवा होते. म्हणाले, "आयकलं का भाऊ? नेरच्या अंगाचं एक गाव बुडून राह्यलं. तलावाची भिंत वाढवून राह्यले म्हणते. घाटंजीच्या बाजारात तेच चालू हाय."

मी हसलो. "बाजारातल्या गप्पा त्या!"

यवतमाळला उतरतो न उतरतो तोच दिलीपचा फोन. दिलीप म्हणजे वंदनाचा भाऊ, यवतमाळलाच राहतो. "भाऊजी, तुमचं गाव बुडितात गेलं ना! मोठा साहेब येऊन गेला. निस्त्या बावीस मानसांले वाचवनार म्हणते!"

तरी मी धीर धरला. पण गावच्या थांब्यावर उतरलो, तर समोर दूधवाला. तो रोज नेरला दूध घालतो. त्याने सायकल टाकली आणि माझा हात धरला. "सुधाकरभाऊ, आपलंच गाव हाय! नेरमंदी पक्की खबर भेटली. वरून आदेश आलाय!"

घाटंजी झालं, यवतमाळ झालं, नेर झालं. तीन गावं, तीन माणसं, एकमेकांची ओळख नाही, आणि बातमी एकच. अहो, मी सचिव माणूस! तीन कोटेशनं जुळली की मी डोळे मिटून सही करतो.

गाव बुडणार, आणि मला पोहता येत नाही! मी धावतच घरी गेलो.

"वंदना, दार काढायचं!"

"अवो, परवाच तं बसवलं!"

"गाव बुडितात गेलं! लोक काय करतात बुडितातून निघताना? सागवान आधी काढतात. भिंती बुडू दे, तुझं दार मी बुडू देणार नाही!"

ती मटकन खाली बसली. रडली नाही, नुसती दाराकडे बघत राहिली. ते मला बघवेना. मी सब्बल, म्हणजे पहार हो, घेतली आणि चौकटीत घातली. दार निघालं नीट, पण चौकट कडाकडा वाजत, निम्मं प्लास्टर घेऊन बाहेर आली आणि वरची पट्टी फुटली. दार पिकअपमध्ये टाकून दिलीपकडे यवतमाळला रवाना केलं. चौकट गाडीत मावली नाही, ती अंगणातच राहिली.

हे सगळं अख्खी आळी बघत होती. सचिव दार काढतोय म्हटल्यावर आणखी पुरावा कुणाला पाहिजे? समोरच्याने दार काढलं. त्याच्या शेजाऱ्याने खिडक्या काढल्या. संध्याकाळपर्यंत गावातलं एकही कुत्रं बाहेर राहिलं नाही, कारण प्रत्येक घर त्यांना उघडंच होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी आले. सगळं गाव ग्रामपंचायतीसमोर जमलं. मी पुढेच उभा. मोबदल्याचा प्रश्न मीच विचारणार होतो ना!

तलाठी म्हणाले, "कोणतंही गाव बुडत नाहीये. भिंतही वाढत नाहीये. कुणी तरी तोतया साहेब तीन तालुके फिरून अफवा पसरवून गेला आहे."

गर्दीत संताप उसळला. सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. "पकडा त्याला! कसा दिसतो तो?"

तलाठ्यांनी कागद काढला. "क्रीम रंगाचा शर्ट. काळी बॅग. चष्म्याची एक काडी निळ्या नायलॉन दोऱ्याने बांधलेली."

लोक माझ्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याबरोबर इकडेतिकडे बघायला लागलो. मग हात आपोआप कानाजवळ गेला आणि बोटांना दोऱ्याची गाठ लागली. खरं सांगतो, पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तो हरामखोर मीच होतो!

गणपतकाका पुढे आले. शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी नुसतं विचारलं, "सुधाकर, गाव बुडनार म्हणून सारे भेले, ते समजलं. पण अख्ख्या तालुक्यात डोंगा आपल्याचजवळ हाय. मंग तू कायले पयाला रे?"

मी तलाठ्यांना रीतसर जबाब लिहून दिला, घरोघरी जाऊन हात जोडले, जिथे जमलं तिथे दारं बसवू लागलो. दुपारी यवतमाळच्या दुकानात फोन लावला. म्हटलं, निदान जॅकेट तरी पदरात पडू देत.

"नाही ना भाऊ," तिकडून आवाज आला. "मागवली तेवढी लोकायनं हातोहात नेली. भाव बी दुप्पट झाला. एक साहेब येऊन सांगून गेला ना, गावं बुडून राह्यली म्हणून! एकच हाय, पण ते म्या माह्यासाठी ठेवलं."

भाव वाढू नये म्हणून केलेल्या गुपिताचं हे फळ!

वास्तू ठरल्या दिवशीच झाली. दिलीपकडून दार परत आलं होतं, पण फुटक्या चौकटीत ते बसणार कसं? तिथे मी मासे धरायचं जाळं टांगलं. पाहुणे वाकून, पदर सोडवत, जाळ्यातून आत आले.

चौकट पुढच्या महिन्यात नवी केली. आणि जुनी? तिच्या दोन उभ्या बाजू शाबूत होत्या. गणपतकाकांनी त्या ठोकून पाहिल्या, खांद्यावर घेतल्या आणि चार दिवस बसून रंध्याने त्यांची दोन वल्ही केली. सागवानाची, गुळगुळीत, कोटेशनशिवाय! होडीच्या सामानासाठी मी तीन बाजार पालथे घातले आणि सामान निघालं ते माझ्याच घराच्या तोंडातून.

आता रोज सकाळी डोंगा तलावात निघतो. घरी पाहुणे आले की वंदना त्यांना मुद्दाम काठावर नेते आणि बोट दाखवून सांगते, "ते पाहा. आमचे हे म्हणत होते ना, दार पाण्यात जाऊ देणार नाही? ती पाहा, आमची चौकट चालली!"