समुद्र शांत होता, पातेलं नव्हतं

आधीच सांगते, मी इंजिनियर आहे. असले किस्से ऐकले की माझं डोकं फिरतं. आता स्वतःच लिहायला बसलेय, याची मलाच चीड येतेय...

समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभारताना त्याचे भाग वाहून आणणारं सपाट जहाज, म्हणजे बार्ज, नांगरून ठेवतात. ते लाटांवर किती हलेल याचा हिशेब करणं, हे माझं नोएडातल्या ऑफिसातलं काम. नवरा, मंदार, तिकडे अरबी समुद्रात प्रत्यक्ष बार्जवर.

त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं. दिल्लीतलं मयूर विहार फेज वन, तिसरा मजला, भर सकाळ. मंदार फोनवर सांगत होता, "समुद्र एकदम शांत आहे. आता क्रेन लावतोय." तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "मेधा, भूकंप!"

भूकंप कसला... टांगलेले झारे-डाव स्थिर. ओट्यावरचं पातेलंही जागचं हललेलं नाही. पण आतलं पाणी या काठावरून त्या काठावर कलत होतं. एवढ्याशा पातेल्यात पाणी हललंच तर भराभर हलतं. हे दमादमाने चाललं होतं — बार्ज डोलतं तसं.

"मंदारला थांबायला सांग," माझ्या हातातल्या फोनकडे बघत आई म्हणाल्या.

मी फोनवर हात दाबला. "आई, प्लीज! काय सांगू त्याला, पातेलं डोलतंय?"

"काहीही सांग. पण सांग!"

मी चक्क खोटं बोलले. "मंदार, माझ्या हिशेबात चूक सापडलीय. बार्ज हलेल. माणसं बाजूला काढ."

"यार मेधा, हे आत्ता सांगतेस?" तो भडकला. पण काम थांबवलं त्याने, माणसंही बाजूला काढली.

थोड्या वेळाने, वारा नसताना, कुठल्या तरी दूरच्या वादळाच्या लांब लाटा आल्या. बार्ज असं कललं की नांगराची जाड वायर तुटून सपकन बार्जवर आली. माणसं होती तिथेच. आधी होती, म्हणजे.

मग बॉस मागे लागले — चूक दाखव. कुठून दाखवू? हिशेब बरोबर होता! शेवटी "गैरसमज झाला" म्हणून माफी मागितली, बोलणी खाल्ली. मंदारला खरं काय ते सांगितलं; तो म्हणतो, कुणाला सांगू नकोस. आई सगळ्या सोसायटीला सांगून मोकळ्या.

लाटा कुठून आल्या, वायर का तुटली, हे मी कागदावर मांडून दाखवते. पण समुद्र हलण्याआधी आमच्या ओट्यावर काय हललं? मला अजून सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा. फक्त 'आईची माया' म्हणू नका... ते मी लिफ्टमध्ये रोज ऐकतेय.