शिवणीतली माया

गल्लीतले सगळे तिला आत्याच म्हणतात. खरं तर ती आत्या एकाच मुलीची. पण भाची विद्यापीठात शिकायला तिच्याकडे राहायला आली, जिन्यातून दिवसभर ‘आत्या, आत्या’ सुरू झालं आणि गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवरा गेल्यापासून शिलाईचं मशीन हाच तिचा संसार. नवीन कपडे ती फारसे शिवत नाही. तिचा धंदा दुरुस्तीचा: उसवलेलं सांधायचं, घट्ट झालेलं सैल करायचं, आखूड झालेलं लांब करायचं.

या धंद्यात आधीच्या शिंप्याची दानत कळते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. माया असली की कपडा माणसाबरोबर वाढतो. नसली तर माणसानं जेवण सोडायचं किंवा कपडा सोडायचा. आत्या आलेला कपडा आधी उलटा करते, शिवण चिमटीत धरते आणि म्हणते, “माया सोडलीय हो यानं,” किंवा, “चिक्कू मेला.” पुढचं काम जमणार की नाही, ते तिला तेवढ्यात कळतं.

भाचीचं मात्र तिला काही कळेना.

सकाळी पोरगी मशीनपाशी येऊन गळ्यात पडायची. “आत्या, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?” आत्या विरघळायची. दुपारी दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाशी गप्पा रंगल्या आणि भाचीच्या हाकेला ओ द्यायला उशीर झाला, की संध्याकाळी तोच गळा दगडासारखा. “तुम्ही तुमची कामं करा. माझं मी बघेन.” तू म्हणजे ऊन आणि तुम्ही म्हणजे गारपीट, एवढं आत्या शिकली होती. एकदा शेजारची बेकरीवाली हे ऐकून म्हणाली, “किती अदबीनं बोलते हो तुमची भाची. आमची कार्टी बघा, अगं-तुगंवर येते.”

“बदलून घेता का?” आत्या म्हणाली. बेकरीवालीला वाटलं, थट्टा चाललीय.

मैत्रिणींचंही तसंच. वर्गातली एक मुलगी आठवडाभर जिवाभावाची सखी होती. तिनं एका फोनला उत्तर दिलं नाही, आणि ती एकदम जगातली सगळ्यात खोटी मुलगी ठरली. आत्यानं त्या मुलीसाठी सदरा शिवायला घेतला होता. तो अर्धा मशीनवर आणि मैत्री कचऱ्यात. चार दिवसांनी भाचीच विचारते, “सदरा झाला का गं तिचा?”

मग एकदा पोरीनं स्वतःच्या हातालाच इजा करून घेतली. फार नव्हती, पण विद्यापीठाच्या समुपदेशक बाईंनी आत्याला बोलावून घेतलं. त्या खोलीत दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा डबा होता. आत्या डब्याकडेच बघत बसली.

“माणसं आपल्याला सोडून जातील, ही भीती तिच्या मनात फार मोठी आहे,” बाई म्हणाल्या. “त्यामुळे माणूस एक तर सगळा आपला, नाही तर सगळा परका. मधलं काही सापडत नाही तिला. याला बॉर्डरलाइन लक्षणं म्हणतात. पण वय लहान आहे, नाव द्यायची घाई आपण करायची नाही.”

आत्याच्या धंद्यात बॉर्डर पडद्याला लागते. तिनं मान हलवली. “म्हणजे ती मुद्दाम करत नाही?”

“नाही.”

“आणि मी काय करायचं?”

“आहे तिथेच राहायचं. ती कशीही वागली तरी. तिचं बोलणं सगळं मान्य करायचं असं नाही, पण हलायचं नाही. आणि कात्र्या तेवढ्या नजरेआड ठेवा.”

शिंपिणीला कात्र्या नजरेआड ठेवा म्हणजे गवळ्याला दूध लपवायला सांगण्यासारखं. आत्यानं लहान कात्र्या पेटीत कुलपात घातल्या आणि मोठी नाडीनं कमरेला बांधली. दुकानात काजं-बटणं करायला एक बाई येते. ती म्हणाली, “ताई, कमरेला किल्ल्या लावतात. तुम्ही लढाईला निघालात का?”

भाचीनं त्या दिवशी कात्रीकडे पाहिलं आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले. ते आत्याला सगळ्यात जड गेलं.

तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे पोरीच्या बापाचा, आठवड्यातून एकदा फोन यायचा. या वेळी सकाळीच करून तो म्हणाला, “रविवारी येतो आणि घेऊन जातो तिला. तिलाही कळवलंय मी. शिक्षण गेलं खड्ड्यात. नाटकं आहेत गं ही, तुझ्या लाडाची. तुला झेपत असेल तर तसं सांग, नसेल तर तसं. एक काय ते संध्याकाळपर्यंत कळव.”

फोन ठेवला आणि आत्यानं मनाशी ठरवूनही टाकलं: ने बाबा. मी थकले. मग ती खाली येऊन कामाला बसली, कारण बँकेतल्या बाई दुपारी पँट न्यायला येणार होत्या. ती पँट तिनं दोनदा सैल करून दिली होती, तरी तिसऱ्यांदा आली होती. काजवालीनं ती पुढ्यात धरली. आत्यानं शिवण चिमटीत घेतली आणि सकाळचा सगळा वैताग त्या पँटीवर निघाला.

“हिच्यात आता माया उरलेली नाही. कितीदा सैल सोडायची? आणखी ताणलं तर फाटेल. मला नाही झेपत, सरळ घेऊन जा म्हणावं.”

जिन्यावर पावलं थबकली आणि भराभर वर गेली.

आत्या वर गेली तेव्हा पलंगावर बॅग उघडी होती आणि भाची कपडे कोंबत होती.

“कुठे निघालीस?”

“तुम्हाला ‘घेऊन जा’ म्हणायची वेळ यायला नको. ऐकलंय मी. माया उरलेली नाही म्हणालात.”

आत्याला क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा ती हसली, आणि चुकलीच. पोरीचा चेहरा पांढरा पडला.

“हसा. हसा माझ्यावर.”

“अगं तुझ्यावर नाही, थांब. थांब इथेच.” आत्या धावत खाली गेली, पँट घेऊन आली, उलटी करून तिच्यापुढे धरली. “ही बघ. बँकेतल्या बाईंची. ही शिवण, आणि ही आतली माया. आहे का काही? या पँटीबद्दल बोलत होते मी.”

भाचीनं शिवणीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग विचारलं, “आणि बाबांना काय सांगणार होतीस?”

‘होतीस’ म्हणाली, म्हणजे तू. आत्याला खोटं बोलायची फार इच्छा झाली.

“सकाळी ठरवलं होतं, घेऊन जा म्हणायचं.”

“म्हणजे मी बरोबर ऐकलं.”

“नाही गं, ऐकलंस चुकीचंच. पण...” आत्या पलंगाच्या कडेवर बसली. पँटीबद्दल बोलत होती, हे शंभर टक्के खरं. मग ‘मला नाही झेपत’ हे शब्द कुठून आले होते? पँटीला असं कधी कोणी म्हणतं का? “मलाच कळत नाहीये मी कोणाबद्दल बोलत होते,” ती म्हणाली. “थकलेय मी. थकलेय म्हणजे माया संपलीय, असं नाही. की असतं तसंच? मला खरंच माहीत नाही.”

भाचीनं पँट भिंतीवर फेकली. मग जाऊन उचलली, कशीबशी घडी घातली आणि पलंगावर ठेवली. बॅगेतलं काही बाहेर काढलं नाही, पण आणखी काही आत घातलंही नाही. ती स्वयंपाकघरात गेली. तिकडून भांड्यांचा आवाज आला.

आत्यानं फोन लावला.

“दादा, रविवारी येऊ नकोस.”

“बरी आहे का ती?”

“नाही.”

“मग तुला झेपतंय?”

“ते पण सांगता येत नाही.”

“अगं मग एक काय ते सांग ना.”

“सांगितलं की. येऊ नकोस. उद्या मी आणि ती समुपदेशक बाईंकडे जातोय, त्यांना विचारते. तू पण ये एकदा त्यांच्याकडे. न्यायला नको, नुसता ये.”

तिकडे भाऊ काहीतरी पुटपुटत राहिला. आत्यानं फोन ठेवला आणि कमरेची कात्री मांडीवर घेऊन बसली. आपण बरोबर केलं की पोरीला आणि स्वतःलाही आणखी ताणलं, याचा काही उलगडा होईना.

आतून हाक आली. “आत्या, चहा गार होतोय. तुम्ही गार पितेस का?”

तुम्ही, आणि पितेस. आत्यानं ते वाक्य मनात उलटसुलट करून पाहिलं. ऊन की गारा, काही पत्ता लागेना. ती उठली आणि चहा प्यायला गेली.