बाईंनी लपवलेला शेवट

लग्नानंतर वर्षभरात मी आंदर मावळातून लोणावळ्याला, रेल्वेच्या चाळीत राहायला आले. आमचे मालक इंजिनावर फायरमन होते. गावची भातशेती थोरल्या दिरांनी सांभाळायची, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. दीर त्याचा राग धरून होते. दोन वर्षं झाली तरी आमच्या दारात आले नव्हते.

चाळीत दर बुधवारी दुपारी एक ख्रिस्ती बाई यायच्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं नेसलेल्या, काखेत काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. ओट्यावर बसून त्या आम्हा बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. बाटवायला आल्यात, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पाण्यात पावाचा तुकडा टाकून बाटवतील म्हणून शेजारीण त्या दिवशी हंड्यावर झाकण ठेवायची. मीही त्यांच्या हातचं पाणी घेत नसे.

पण माझा संशय वेगळा होता. बाई नुसती गोष्ट सांगायच्या आणि उठायच्या. देव असा आहे, तुम्ही असं वागा, यातलं एक अक्षर नाही. मागायला आलेला माणूस कधी तरी मागतोच. या का मागत नाहीत?

एका बुधवारी त्यांनी दोन भावांची गोष्ट सांगितली. धाकटा आपला वाटा घेऊन परमुलखात जातो, सगळं उधळून उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो, मोठं जेवण घालतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रुसून बाहेरच थांबतो. त्याची समजूत घालायला बाप बाहेर येतो. इथं बाई थांबल्या.

"मग थोरला आत गेला का?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

मला ते खरं वाटेना. शेवट नसलेली गोष्ट कोण लिहून ठेवील? मी चौथी शिकलेली. पुस्तक वाचायला मागितलं, तर बाईंनी लगेच दिलं. त्यानं संशय आणखी वाढला. घरी आल्यावर आधी शिवण तपासली, पान फाडलंय का पाहिलं. फाडलं नव्हतं. मग वाटलं, आमच्यासारख्यांना दाखवायला हे वेगळं छापलं असेल.

म्हणून रविवारी बाजाराच्या निमित्तानं मी थेट, बाई ज्यांच्या हाताखाली होत्या, त्या पाद्रीसाहेबांकडे गेले आणि त्यांचं पुस्तक पाहिलं. तेच शब्द, तिथंच शेवट.

"बाईंनी अर्थ नाही सांगितला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. त्या कदीच अर्थ सांगत न्हाईत. निसती गोष्ट."

त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी मला अर्थ सांगितला: बाप म्हणजे देव, धाकटा म्हणजे पापी, थोरला म्हणजे गर्विष्ठ. इतकं सफाईनं सांगितलं, की मला तेच जास्त खोटं वाटलं. राबून आलेल्या माणसाला गर्विष्ठ म्हणणारा हा गृहस्थ कधी चिखलात उतरला नसावा.

पुढच्या बुधवारी बाई आल्या नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण प्रचारक आला. तो अर्थ आधी सांगायचा, गोष्ट नंतर. बायका एकेक करून उठून गेल्या. माझ्यामुळे झालं हे मला कळत होतं, पण मी कुणापाशी बोलले नाही.

भातकापणीला मालकांना घेऊन मी गावी गेले. सगळे जेवून बसले होते, तेव्हा दिरांना ती गोष्ट सांगितली, कुठली ते न सांगता.

"बाप म्हातारा आसंल," ते म्हणाले. "त्यो किती येळ भायेर उबा ऱ्हाईल?"

सकाळी खाचरात जाताना त्यांनी मालकांच्या हातात विळा दिला.

पुढं एकदा तळेगावच्या बाजारात बाई भेटल्या. त्यांना तिकडं धाडलं होतं. मी कबूल केलं की पाद्रीसाहेबांकडे मीच गेले होते.

"पुस्तक मागितलंस, तेव्हाच वाटलं होतं, ही तपासायला जाणार," त्या म्हणाल्या.

"मग दिलंत का?"

"तपासल्याशिवाय तू विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हतीस."

रागाचं काही दिसलं नाही. तरी हे त्या मनापासून बोलल्या, की मला बरं वाटावं म्हणून, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.