चोविसाव्या एकादशीचं दूध

राखेने घासलेली भांडी निम्मीच विसळून झाली होती, तेवढ्यात सासूबाईंच्या पेल्याच्या तळाशी मथुराच्या बोटांना काहीतरी लागलं. पांढरी गुठळी. चुरायला गेली तर भिजवलेल्या कणकेसारखी बोटांना चिकटली. 

सकाळी केंद्रावरचं दूध तिचा नंबर यायच्या आत संपलं होतं. इकडे सासूबाईंचा, कृष्णाबाईंचा, वर्षभराच्या चोवीस एकादश्यांचा नेम, आज शेवटची. नुसत्या दुधावर दिवस काढायचा. घरात दूध पावडरचा डबा होता, नवऱ्याने कधीतरी आणलेला, अजून न फोडलेला. मथुराने उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकले, वेलची घातली आणि पेला पुढे केला. आता ही गुठळी! म्हणजे डब्यात पीठच असणार. शेवटच्या एकादशीला म्हाताऱ्या जिवाच्या पोटात धान्य गेलं, आणि तेही तिच्या हातून. अंधेरीच्या या चाळीत येऊन बारा वर्षं झाली, तिने स्वतः एकही एकादशी मोडली नव्हती.

भांडी टाकून ती शेजारच्या काशीरामकडे धावली. तो पावडरच्याच कारखान्यात फिटर.

"भावजी, खरं सांगा, यात पीठ घालतात ना?"

"पीठ? वहिनी, नोकरी जाईल आमची!" काशीराम हसला. "आधी मलई काढतात. मग बंद टाकीत, कमी आचेवर दूध आटवतात. बासुंदीला आटवता ना, तसं. मग उंच कोठीत वरून त्याचा बारीक फवारा सोडतात, आत गरम हवा. थेंब खाली येईस्तोवर पाणी उडून जातं, तळाला उरते भुकटी. बाकी काही नाही."

"मग ही गुठळी?"

"उकळत्या पाण्यात टाकलीत ना? आधी गार पाण्यात कालवायची."

मागोमाग आलेल्या कृष्णाबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हंजे सुकवलेला दूधच गो! आपले बोंबील सुकवतत, तसा!"

"आई! एकादशी आहे आज!"

"नुसता नाव घेतलंय मां, खाल्लंय खय?"

काशीराम खो खो हसत सुटला. मथुराने आधी देवाला हात जोडले, मग तिलाही हसू आवरेना. नेम शाबूत होता. उद्या द्वादशीचं पारणं ताठ मानेने करता येणार होतं.

उरलेली भांडी तिने भराभर विसळली, पिशवी उचलली आणि पारण्यासाठी अळू आणायला बाजारात निघाली.