अण्णांची वांग्याची जोडी

आधीच सांगते, मी बी.फार्म. आहे. इस्लामपुरात माझं मेडिकल आहे, आणि करणी, उतारा असलं काही बोलत कुणी काउंटरवर आलं की मी आधी बीपी तपासून यायला सांगते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण ऑगस्टमध्ये झालं ते झालं.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझे वडील, अण्णा, गेल्या वर्षी गेले. शेतातून आले, कट्ट्यावर बसले, पाणी मागितलं – आणि आई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. "आईला सांभाळतो" असं भावाने म्हणून झालं, मी म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आईने तेव्हापासून धसकाच घेतला. रोज ताटातली अर्धी भाकरी मोडून परसातल्या भिंतीवर ठेवायची आणि वाट बघत बसायची. "सपनात बी येत न्हाईत गं," एवढंच बोलायची. वजन उतरत चाललेलं, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. दिवसभर लोकांना औषधं देणारी मी, पण आईसाठी माझ्याकडे एक गोळी नव्हती.

माझी लेक ऋचा टोकियोला नोकरीला आहे. तिने मला हट्टाने तिकडे बोलावलं आणि नागानोच्या डोंगरातल्या एका गावात मुक्कामाला नेलं. भाताची खाचरं, उतरती छपरं, धुकं... पाटणच्या बाजूला आल्यासारखंच वाटलं. घरमालकीण फुमिको-सान सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्याकडे ओबोन चालू होता. आपला पितृपक्षच म्हणा, फक्त तिथे पितर चार दिवस घरी राहायलाच येतात. तिन्हीसांजेला दारात भूर्जाची साल पेटवून त्यांना वाट दाखवतात. आत देव्हाऱ्यापुढे काड्यांचे पाय लावून काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय ठेवतात. घोडा लवकर यायला, गाय सावकाश परत जायला.

"तुमचं कुणी गेलं असेल तर तुम्हीही करा, असं म्हणतायत," ऋचा म्हणाली. "मम्मी, आजोबांसाठी घोडा कर ना."

"अगं, अण्णा जन्मात एकदाच घोड्यावर बसले, स्वतःच्या वरातीत. तेही 'उतरवा, उतरवा' करत. ते बैलगाडीनंच येणार."

मी वांगं उचललं आणि दुसरं मागितलं. एकटं जनावर जुंपायचं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. फुमिको-सान तोंडावर हात धरून हसल्या, पण दुसरं वांगं त्यांनीच आणून दिलं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे म्हसवडच्या बाजारातून आणलेली खिलार जोडी होती, हरण्या आणि मोत्या. हरण्याच्या एका शिंगाचं टोक मोडलेलं. म्हणून एका वांग्याची शिंगाची काडी मी मुद्दाम मोडली. जेवायच्या काडीचं जू केलं आणि दोन्हीकडे दोऱ्याने घट्ट दुहेरी गाठी मारल्या. हरण्या उजवीकडे, मोत्या डावीकडे. ऋचाने फोटो काढला.

सकाळी चहाआधी देव्हाऱ्यापुढे गेले तर मोडक्या शिंगाचं वांगं डावीकडे.

आधी वाटलं, आपलाच गोंधळ. ऋचाचा फोटो उघडला. फोटोत उजवीकडे. गाठीही माझ्या नव्हत्या. एक टोक ओढलं की सुटेल अशी एकेरी गाठ, बैल सोडताना बरी म्हणून अण्णा मारायचे तशी. फुमिको-सान म्हणाल्या, पितर परत जाईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. ऋचा म्हणाली, "मला तर दोन्ही वांगीच दिसतात गं, मी कशाला हलवू?"

साडेनऊच्या सुमारास आईचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं असेल.

"आले गं ते! आज पहाटं आले सपनात!" आई रडत होती की हसत होती, कळेना.

"कोण, अण्णा?"

"व्हय! कासरा धरून दारात हुबं. मला म्हणले, 'तुझ्या लेकीनं हरण्याला उजवीकडं जुंपलाय. त्यो काय पाऊल उचलंना. बदलून घेतला, मंग निगालो. म्हणून उशीर झाला.'"

वांग्यांबद्दल मी घरी कुणालाही चकार शब्द बोलले नव्हते. कसंबसं विचारलं, "आई, हरण्या कुठल्या बाजूला असायचा?"

"डाव्या अंगाला! तुला ठावं न्हाई व्हय? दुसरीकडं जुंपला की अडून बसायचा."

मला खरंच माहीत नव्हतं. मी शाळेत जाणारी पोर, मी कशाला जू उचलतेय!

"अजून काय म्हणाले?"

"पानी मागितलं. या बारीला दिलं गं मी. तांब्याभर प्याले."

मी फोन धरून तिथेच रडले. देव्हाऱ्यापुढे उदबत्ती जळत होती. फुमिको-सानना ऋचाने सगळं सांगितलं, तर त्यांना नवल असं वाटलंच नाही. त्या दोन वांग्यांपुढे त्या गुडघे टेकून वाकल्या, घरी आलेल्या पाहुण्यासमोर वाकावं तशा.

योगायोग म्हणा, काहीही म्हणा. मी स्वतःला सगळी कारणं देऊन पाहिली, एकही पटलं नाही. दोन्ही दिवसांचे फोटो अजून मोबाईलमध्ये आहेत. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर सांगा. आईला मात्र विचारू नका, तिला त्याची गरज उरलेली नाही. परसातली भिंत आता रिकामी असते आणि आई अख्खी भाकरी खाते.