बसमध्ये मासळी चालत नाही

माझ्या अंगावर त्याने फवारा मारला.

खोलीत मारतात तो. गुलाबाच्या वासाचा. सभागृहात आधी माझ्या खुर्चीच्या मागे मारला, मग बाजूला, आणि मग सरळ माझ्या पदरावर. मानेला गार लागलं म्हणून मी दचकून वळले. माझ्याच वयाचा माणूस होता. गळ्यात कचेरीचं ओळखपत्र.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. "पुढे साहेब बसणार आहेत."

पुढच्या रांगेतल्या बाईने नाकावरचा रुमाल काढला आणि त्याला थँक्यू म्हणाली.

मी अंघोळ करून आले होते. डोक्यावरून न्हाले होते. लग्नाकार्याची साडी नेसले होते. मासळीचा टब बाहेर वॉचमनजवळ ठेवला होता, ओल्या गोणपाटाखाली. तरी माझ्यावर फवारा.

बाजूला माझी जाऊ हिरा बसली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"गप ऱ्हा," ती म्हणाली. "आज जागेचं ठरनार हाय."

मी पदर झटकला आणि पुढे बघत बसले.

आमचं गाव तारापूरच्या अंगाला, किनाऱ्यावर. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. सासू आयुष्यभर बोईसर स्टेशनच्या बाहेर मासळी घेऊन बसली. तिचे गुडघे गेले तेव्हा तिच्या जागेवर मी बसले. हिरा माझ्या शेजारी. गावातल्या सगळ्या बायका पहाटे एकाच टेम्पोतून यायच्या. टबावर टब रचलेले आणि मधे आम्ही. टेम्पो स्टेशनच्या तोंडाशी सोडायचा. पाळी सुटली की कंपनीतले कामगार यायचे. "मौसी, मांदेली है क्या?" असं विचारायचे. खोल्यांवर राहणारी पोरं ती. मासळी साफ करून दिली नाही तर घ्यायची नाहीत. मी करून द्यायची. दिवस सरायचा. चूल पेटायची.

मग शहराचं काम बघणाऱ्या कचेरीकडून माहिती यायला लागली. रिक्षावर भोंगा लावून सांगायचे. स्टेशन रोड मोकळा होणार. नवी बस येणार, थेट किनाऱ्यापर्यंत. छोट्या धंदेवाल्यांना आधार मिळणार. ऐकून आम्ही खूश झालो होतो. खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा टेम्पो बंद झाला. बससाठी रस्ता मोकळा हवा म्हणून टेम्पोला लांबच्या नाक्यावरच थांबवायला लागले. तिथून टब डोक्यावर. पोचेपर्यंत पाळी सुटलेली, गिऱ्हाईक गेलेलं. मग एक दिवस आमच्या जागेवर दोरी बांधली. तुम्ही नाल्यापलीकडे बसा म्हणाले, तात्पुरतं. नाल्यापलीकडे कुत्रं फिरकत नाही. बर्फ वितळायचा, मासळी मऊ पडायची. संध्याकाळी येईल त्या भावाला व्यापाऱ्याच्या गळ्यात घालून घरी जायचं.

मुलगी पालघरला कॉलेजात जात होती. ती घरी राहायला लागली. मी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. तिनेही मला काही विचारलं नाही. सासू रात्री "मना भूक नाय" म्हणायला लागली. म्हातारीला भूक लागायची. मला दिसत होतं.

दर थोड्या दिवसांनी भोंगा फिरायचा. काम प्रगतीपथावर आहे म्हणायचा.

आणि मग हे बोलावणं आलं. सभागृहात कार्यक्रम आहे, नव्या बसचं उद्घाटन आहे, मासळीवाल्यांतर्फे दोघींनी या. बायकांनी आम्हाला पाठवलं. जाताना एकीने माझे हात धरले. "काय बी कर, पन जागा घेऊन ये," म्हणाली.

साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. बसचे रस्ते, लाल, निळे, हिरवे. मग स्टेशनबाहेरचं चित्र आलं. स्वच्छ फरशी, बाक, कुंडीत झाडं, लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी. मी आमची जागा ओळखली, कारण मागे रेल्वेची भिंत तीच होती. आम्ही बसायचो तिथे बाक होता.

हिरा कानाशी म्हणाली, "आमी कुटं हाय ह्यात?"

मी उठून उभी राहिले. "साहेब, आमची जागा कुठली?"

"प्रश्न शेवटी," साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता.

शेवटी प्रश्न नव्हतेच. शेवटी सत्कार होता.

मला बाहेर बसजवळ नेलं. कचेरीतल्या एका मॅडमनी माझ्या हातात वेताची टोपली दिली. नवी कोरी, रिबीन लावलेली. आत प्लास्टिकचे मासे. वेताची टोपली मी सासूच्या काळात बघितली होती. आम्ही निळे प्लास्टिकचे टब वापरतो.

"पदर असा खोचा," मॅडम म्हणाल्या. "कोळीणबाई दिसायला पाहिजेत. आणि जरा हसा."

मला बसमध्ये चढवलं. खिडकीजवळ बसवलं. मांडीवर टोपली. बाहेरून फोटो काढले. साहेबांनी झेंडा दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. जागा मिळेल म्हणून हसले. मग मला उतरवलं आणि टोपली काढून घेतली, दुसऱ्या कार्यक्रमाला लागणार होती म्हणून.

बस खरीच सुटणार होती, किनाऱ्याकडे. पहिली फेरी. ऊन चढलं होतं. नाल्यापलीकडे बसून उपयोग नव्हता. निदान गावाच्या वाटेवरच्या वस्त्यांत तरी मासळी विकली जाईल असं आम्ही ठरवलं. वॉचमनकडून टब आणला आणि बसच्या दारात गेलो.

कंडक्टरने हात आडवा धरला. "मासळी चालत नाही."

मला वाटलं त्याला माहीत नसेल. मॅडम तिथेच होत्या. मी म्हटलं, "मॅडम, आत्ताच तुमी मला हितं बसवलंत ना?"

"ते फोटोसाठी होतं हो," मॅडम म्हणाल्या.

रागाने नाही. समजावून सांगावं तसं. लहान मुलाला सांगतात तसं.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. फवाऱ्यापासून आत दाबून धरलं होतं ते सगळं वर आलं. सासूची भूक आली. मुलगी आली, भिंतीला टेकून बसलेली. ही माणसं आमची मासळी खातात. आमचा फोटो लावतात. शेजारच्या सीटवर मात्र आम्ही नको.

मी बसच्या पायरीवर बसले. टब मांडीवर घेतला.

"उतरा," कंडक्टर म्हणाला.

"तिकीट द्या," मी म्हटलं.

आतून कोणी ओरडलं, उशीर होतोय. कोणी म्हणालं, वास येतोय. एक कामगार म्हणाला, "बैठने दो ना भाई, रोज इन्हीं के हाथ का खाते हैं." त्याला बाकीच्यांनी गप्प केलं.

साहेब आले. "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतोय, आणि तुम्ही तमाशा करता?"

"आमच्यासाठी करताय ना साहेब, मग आमाला घेऊन चला."

त्यांनी मान वळवली. पोलिसबाई आली. तिने माझा दंड धरून ओढलं. टब उलटला. बोंबील, मांदेली, सगळं नव्या पायऱ्यांवरून रस्त्यावर गेलं. हिरा रडत रडत दोन्ही हातांनी गोळा करायला लागली. लोक पाय उचलून बाजूला झाले. बस निघाली. जाताना मागचं चाक मासळीवरून गेलं.

मला चौकीत बसवून ठेवलं. नवऱ्याला बोलावलं. तो आल्या आल्या हात जोडून उभा राहिला. समुद्रात कधी न घाबरलेला माणूस. म्हणाला, "साहेब, अडानी हाय ती. माफ करा. ती माफी मागंल."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मागितली असती.

"मी अडानी नाय," मी म्हटलं. "आनी मी माफी मागनार नाय. माझं काय चुकलं ते सांगा."

संध्याकाळी सोडून दिलं.

पुढे चांगलं काही झालं नाही. काही बायकांना जागा मिळाली, नाल्यापलीकडेच, पण पत्र्याखाली. मला मिळाली नाही. हिरा कंपनीत पॅकिंगला लागली. ती माझ्याशी बोलते, पण त्या दिवसाचं बोलत नाही. नवरा म्हणतो, तू घर बुडवलंस. त्याचंही खोटं नाही. घरात दोन वेळा शिजतंच असं नाही. मुलगी व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कोलंबी सोलायला जाते. तिची बोटं सोलवटलेली असतात. ती माझ्यापासून हात लपवते.

बस रोज गावाबाहेरच्या थांब्यावर येते. मी रोज तिथे उभी असते. तिकिटाचे पैसे मुठीत, टब डोक्यावर. बस थांबली की मी चढते. कंडक्टर मला उतरवतो. मी पुन्हा चढते. बसला उशीर होतो. लोक शिव्या देतात. काही दिवस मी एकटी होते. आता शेजारच्या पाड्यातल्या दोघी येतात. त्याही चढतात.

नवऱ्याने विचारलं, यातून काय मिळणार? मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित पुन्हा चौकी.

पण ज्या रस्त्यावरून आमचा टेम्पो काढला, त्या रस्त्यावरची बस आमची आहे. मासळीसकट. मला उतरवायचं असेल तर रोज हात धरून उतरवावं लागेल, सगळ्यांच्या देखत. मी आपणहून उतरणार नाही.